ठरावावरचा शेरा

‘ठराव’ हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. ग्रामपंचायतीपासून साहित्य संमेलनापर्यंत कोठेही चार माणसे सतरंजीवर बसली की शेवटी एखादा ठराव होतोच. सूचक, अनुमोदक, टाळ्या आणि ‘सर्वानुमते मंजूर’. मग तो कागद टपालाने वर जातो. वर म्हणजे नेमके कोठे, हे हात वर करणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नसते. तेथे आवक नोंदवहीत त्याला एक क्रमांक मिळतो आणि ‘दप्तरी दाखल’ या दोन शब्दांत त्याचे आयुष्य संपते. ज्यांनी तो केला त्यांना त्याचे पुढे काय झाले हे कळत नाही. आणि खरे सांगायचे तर पुढच्या निवडणुकीपर्यंत तेही तो विसरलेले असतात.

तरीही या कागदाच्या पोटात एक प्रश्न आहे आणि तो वाटतो तेवढा किरकोळ नाही. गाव, मंडल, तालुका, जिल्हा यांच्या निवडून आलेल्या सभांनी राज्याच्या विधिमंडळाला काही सांगितले, तर त्या सांगण्याने विधिमंडळावर काही बंधन येते काय? कायद्याचे बंधन येत नाही, हे उघड आहे. मी विचारतो आहे ते नैतिक बंधनाबद्दल. आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसांना हा प्रश्न टाळता येत नाही. कारण राजधानी आपल्यापासून लांब, तिची भाषा वेगळी, आणि तेथे होणारा कायदा मात्र आपल्या ओसरीपर्यंत येणारा.

मी आदिलाबाद जिल्ह्यातल्या एका हायस्कुलाचा मुख्याध्यापक आहे. आमच्यासारख्या शाळांच्या पाटीवर ‘जिल्हा परिषद’ ही अक्षरे मोठ्या टायपात असतात. परक्या माणसाला वाटावे की, या शाळेत काय शिकवायचे, कोणत्या भाषेत शिकवायचे, हे जिल्ह्याची परिषद ठरवीत असेल. तसे काही नाही. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी २९ विषयांची यादी घटनेत घातली. प्राथमिक व माध्यमिक शिक्षण त्या यादीत आहे. पण त्याच दुरुस्तीच्या कलमात, हे अधिकार राज्याचे विधिमंडळ कायद्याने ‘देऊ शकेल’, असे म्हटले आहे. ‘देईल’ आणि ‘देऊ शकेल’ यांतला फरक मी व्याकरणाच्या तासाला मुलांना शिकवतो. जिल्ह्याच्या नशिबात दुसरे क्रियापद आले आहे.

हे दुखणे केवळ आपले नाही. अमेरिकेत १८६८ साली आयोवा राज्याचे एक न्यायाधीश जॉन डिलन यांनी निर्णय दिला की, नगरपालिका वगैरे संस्था राज्याच्या विधिमंडळातून जन्मतात. विधिमंडळ त्यांना निर्माण करते तसे ते त्यांना संपवूही शकते. तिकडच्या बहुतेक कौंट्या, म्हणजे ढोबळ मानाने आपले जिल्हे, आजही याच तत्त्वाच्या छायेत जगतात. पण त्यांनी त्यावर एक उपाय केला. त्यांनी आपल्या संघटना बांधल्या. राष्ट्रीय पातळीवरची संघटना १९३५ पासूनची आहे. राज्याच्या विधिमंडळाचे अधिवेशन भरले की या संघटनांची माणसे राजधानीत ठाण मांडतात, विधेयकांचे मसुदे वाचतात, समित्यांपुढे साक्ष देतात आणि ‘या कलमाने आमच्या रस्त्यांचे, आमच्या दवाखान्यांचे असे होईल’ हे आकड्यांनिशी सांगतात. मत नाही, पण आवाज आहे. आणि त्या आवाजाला बसायला खुर्ची आहे. आपल्याकडे सरपंचांच्या संघटना आहेत, पण त्यांचा बहुतेक जोर मानधनावर आणि अडकलेल्या निधीवर खर्च होतो. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. उपाशी माणूस आधी भाकरीबद्दल बोलणार, मसुद्याबद्दल नंतर.

आता आपल्याच जिल्ह्याचा इतिहास पाहा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आदिलाबाद जिल्हा कापला गेला. राज्य पुनर्रचना कायद्याने किनवट आणि राजुरा हे तालुके व बोथ तालुक्यातले इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात गेले. उलट नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही सर्कले इकडे आली. पैनगंगेच्या अल्याड-पल्याड एकाच घरातल्या लेकी-सुना दोन राज्यांत वाटल्या गेल्या. रेघ कोठे ओढली ते चूक की बरोबर, हा वाद मला आज उकरायचा नाही. कोठेतरी रेघ ओढावीच लागते आणि तिच्या दोन्ही बाजूंना कोणीतरी राहतेच.

मला महत्त्वाचे वाटते ते त्याआधी घडले ते. १९५३ च्या अखेरीस नेमलेल्या फाजल अली आयोगाकडे देशभरातून दीड लाखांहून अधिक अर्ज, निवेदने आणि ठराव आले. आयोगाने त्यांतले सगळे मान्य केले नाही. ते शक्यच नव्हते. पण १९५५ च्या अहवालात त्याने प्रत्येक मोठ्या मागणीची कारणे मांडून उत्तर दिले. तेलंगण लगेच आंध्रात घालू नये, १९६१ च्या सुमाराच्या निवडणुकांनंतर तिथल्या विधानसभेने दोन-तृतीयांश मतांनी इच्छा दाखवली तर घालावे, असे त्याने सुचवले. सरकारने ते ऐकले नाही. तरी आयोगाचे म्हणणे कारणांसह छापील स्वरूपात शिल्लक राहिले, आणि पुढची पन्नास-साठ वर्षे तेलंगणच्या चळवळीला त्याचा आधार झाला. कारण सांगून दिलेले उत्तर मरत नाही. ते नाकारले गेले तरी वाद पुढे न्यायला उपयोगी पडते.

घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे राज्याच्या सीमा बदलताना संबंधित विधिमंडळाचे मत मागवावे लागते. त्या मताचे वजन किती? द्वैभाषिक मुंबई राज्याच्या वेळी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. विधिमंडळाकडे मतासाठी धाडलेल्या विधेयकात तीन घटक होते. संसदेने अखेर केले एकच मोठे राज्य. बाबुलाल पराते यांच्या त्या खटल्यात १९५९ साली न्यायालयाने सांगितले की, मत मागवणे आवश्यक आहे, ते मानणे संसदेवर बंधनकारक नाही. आणि मत मागवायचे ते राज्याच्या विधिमंडळाचे. ज्या गावावरून रेघ जाते त्या गावाचा त्या कलमात उल्लेखही नाही.

येथे आपल्याला एका अवघड सत्याला सामोरे जावे लागते. ३० जानेवारी २०१४ रोजी आंध्र प्रदेशाच्या विधानसभेने राज्य विभाजनाचे विधेयक नामंजूर केले. संसदेने फेब्रुवारीत ते तरीही मंजूर केले आणि २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले. आपल्या जिल्ह्यात त्या दिवशी पेढे वाटले गेले. म्हणजे एका विधानसभेचे म्हणणे डावलले गेले याचा आपल्याला आनंद झाला होता. ‘खालच्या सभेचा शब्द वरच्याने पाळलाच पाहिजे’ असा सिद्धांत आता आपण कोणत्या तोंडाने मांडायचा? तसा मांडला, तर आपलेच राज्य अन्यायातून जन्मले असे म्हणावे लागेल.

म्हणून मी हा सिद्धांत मांडत नाही. माझे म्हणणे त्याहून लहान आहे, पण माझ्या मते अधिक टिकाऊ आहे. ऐकणे, मानणे आणि उत्तर देणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्यांची नेहमी गल्लत करतो. मानणे हे वरच्या सभेच्या विवेकावर सोडावे लागते. तिच्यापुढे एकच जिल्हा नसतो, तेहतीस असतात. पण ऐकणे आणि उत्तर देणे हे तिच्या मर्जीचे विषय नव्हेत. ज्याच्यावर कायदा लागू होणार त्याने आपले म्हणणे रीतसर मांडले असेल, तर ‘तुमचे वाचले, ते या कारणासाठी मान्य करता येत नाही’ एवढा शेरा मिळणे हा त्याचा हक्क आहे. शाळेत पोराने रजेचा अर्ज दिला तर तो नामंजूर करण्याचा मला अधिकार आहे. पण शेरा न लिहिता अर्ज टेबलाच्या खणात टाकून देण्याचा नाही. तसे केले तर तो पोरगा पुढच्या वेळी अर्ज करणार नाही, सरळ भिंतीवरून उडी मारून जाईल.

यावर कोणी म्हणेल, ऐकण्याने काय होते? सरकारे मनात असते तेच करतात. नेहमी तसे होत नाही. २०१६ साली तेलंगणात जिल्ह्यांची फेररचना झाली. १९७४ चा एक कायदा आहे. त्यानुसार आधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचनांसाठी तीस दिवस द्यावे लागतात. ऑगस्टच्या मसुद्यात सतरा नवे जिल्हे होते. आसिफाबाद त्यांत नव्हते. हरकती गेल्या, मोर्चे निघाले, निवेदने गेली. आणि ११ ऑक्टोबरला जे एकवीस नवे जिल्हे झाले त्यांत कोमरम भीम आसिफाबाद होता. आंदोलनाचा जोर होता हे खरेच, पण त्या जोराला घुसायला कायद्यात एक दार होते. तीस दिवसांचे का होईना, दार होते.

दुसरे उदाहरण असे दार नसलेले आहे. २०१८ साली तेलंगणने सर्व शाळांत तेलुगू सक्तीने शिकवण्याचा कायदा केला. पहिली व सहावीपासून सुरुवात करून तो टप्प्याटप्प्याने वर गेला. तो मराठी माध्यमाच्या शाळांनाही लागू झाला. माझे मत स्पष्ट सांगतो : येथे राहणाऱ्या मराठी मुलाने तेलुगू शिकली पाहिजे आणि चांगली शिकली पाहिजे. बँकेत, तहसिलीत, दवाखान्यात तिच्यावाचून त्याचे पान हलत नाही. महाराष्ट्राने २०२० साली मराठी सक्तीची केली तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. मग येथे तक्रार करण्याचा हक्क आपल्याला उरत नाही. पण कायदा चांगला असला तरी तो राबवायचा कसा, मराठी शाळेला तेलुगूचा शिक्षक कोण देणार, घरी गोंडी, शाळेत मराठी आणि वर तेलुगू अशा तीन डगरींवर उभ्या असलेल्या पोराचे पहिल्या दोन वर्षांत काय करायचे, हे जिल्ह्यातल्या माणसाला विचारले असते तर त्याने सांगितले असते. असा कायदा करताना भाषिक अल्पसंख्य असलेल्या जिल्ह्याच्या परिषदेचे मत घेतलेच पाहिजे, असा कोणताही नियम नाही. मुद्दा विरोधाचा नाही. पेरणीआधी शेताच्या धन्याला जमिनीची जात विचारावी, इतका साधा आहे.

येथपर्यंत वाचकांपैकी पुष्कळांनी मान डोलावली असेल. आता मान डोलावणे कठीण जाईल असा मुद्दा घेतो. ‘जिल्ह्याचा आवाज’ म्हणजे कोणाचा आवाज?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ग्रामराज्याच्या स्वप्नाची कठोर चिकित्सा केली. खेडे हे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे आगर आहे, अशा आशयाचे ते बोलले. पुढे त्याच महिन्यात के. संथानम यांनी ग्रामपंचायतींविषयीची दुरुस्ती आणली, आणि आंबेडकरांनी ती स्वीकारली. आजचे चाळिसावे कलम ते हेच. या दोन गोष्टी एकत्र ठेवून वाचल्या पाहिजेत. गावाला अधिकार द्यायला त्यांची हरकत नव्हती. गावातल्या बलवंताचा आवाज हाच गावाचा आवाज ठरेल, ही त्यांची भीती होती. ती भीती खोटी होती असे म्हणण्याचे धाडस आपल्या जिल्ह्यातल्या माणसाने तरी करू नये.

कारण आपल्या जिल्ह्यातला सर्वांत महत्त्वाचा जमीन कायदा स्थानिक बलवंतांच्या इच्छेविरुद्धच आला. १९४० साली जोडेघाटला कोमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीला बळी पडले. त्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांची गाऱ्हाणी अभ्यासायला पाठवले, आणि त्याच्या अहवालांतून १९४६ च्या सुमारास आदिवासी भागांसाठीचा पहिला विनियम निघाला. म्हणजे गाऱ्हाण्यावरचा शेरा मिळाला, पण गोळीनंतर. पुढे १९५९ चा जमीन हस्तांतरणाचा विनियम १९६३ साली तेलंगणाला लागू झाला आणि १९७० च्या दुरुस्तीने तो कडक झाला. तोच आपल्याकडे ‘वन ऑफ सेव्हंटी’ म्हणून प्रसिद्ध आहे. अनुसूचित क्षेत्रातली जमीन बिगर-आदिवासीच्या नावे करता येत नाही, आणि त्याच्या ताब्यातली जमीन मुळात आदिवासीकडूनच आली असे धरले जाते. या कायद्याविरुद्ध बिगर-आदिवासींनी दिलेली झुंज सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९८८ साली न्यायालयाने कायदा उचलून धरला. दरम्यान २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीला जमिनीच्याच प्रश्नावर जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला होता.

आता कल्पना करा की, त्या दशकांत या प्रदेशातल्या साऱ्या पंचायतींना विचारून, बहुमताने, जिल्ह्याचे म्हणणे हैदराबादला पाठवायचे असते. ‘वन ऑफ सेव्हंटी’ रद्द करा, असा ठराव झाला असता की नाही? ज्याच्या हाती जमीन, दुकान आणि सावकारी, त्याच्याच हाती पंचायतीचा शिक्का होता. तो ठराव वर मानला गेला असता तर कायदेशीर लोकशाहीच्या नावाने गोंड-कोलामांच्या जमिनी गेल्या असत्या. पाचव्या अनुसूचीने येथे फार शहाणपणाची सोय करून ठेवली आहे. अशा भागातले विनियम राज्यपालांनी करायचे, पण त्याआधी आदिवासी सल्लागार समितीचा सल्ला घ्यायचा, आणि त्या समितीत सुमारे तीन-चतुर्थांश सभासद विधानसभेतले आदिवासी प्रतिनिधी असायचे. ज्याच्यावर परिणाम होणार त्यालाच विचारा, केवळ जवळ राहतो म्हणून सगळ्यांना नको, हे त्यामागचे तत्त्व. १९९६ च्या पेसा कायद्याने तेच ग्रामसभेपर्यंत खाली आणले. २०२५ च्या मे महिन्यात आसिफाबादच्या जंगलात कोमरम भीम यांच्याच नावाने संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले, तेव्हा ‘ग्रामसभेला विचारले का?’ हाच प्रश्न आदिवासींनी उभा केला, आणि जुलैत सरकारला तो आदेश थांबवावा लागला. वाघाला जागा हवी, हे खरे आहे. पण जागा देणाऱ्याला आधी विचारायचे असते.

सीमेवरच्या त्या चौदा गावांकडे पाहिले म्हणजे हा गुंता आणखी उलगडतो. परमडोली, मुकादमगुडा, अंतापूर, लेंडीजाळा ही नावे वर्तमानपत्रांत वाचकांनी वाचली असतील. महाराष्ट्राच्या दप्तरात ही गावे चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात आहेत, तेलंगणच्या दप्तरात आसिफाबाद जिल्ह्याच्या केरामेरी मंडलात. दोन्हीकडे मतदान, दोन रेशनकार्डे, दोन सरपंच. बाहेरच्याला ही चैन वाटते. पण दोन पंचायती असलेल्या गावाला एकही आवाज नसतो. कारण एकीने काही मागितले की दुसरे राज्य म्हणते, ‘आधी तुमचे गाव कोणाचे ते ठरू द्या.’ २०२५ च्या जुलैत महाराष्ट्र सरकारने ही गावे आपल्यात पूर्णपणे सामावून घेण्याची घोषणा केली. मराठी माणूस म्हणून मला बरे वाटले. पण त्याच गावांतल्या बंजारा कुटुंबाचा विचार करा. १९७६ च्या केंद्रीय कायद्याने तेलंगणात लंबाडा अनुसूचित जमातीत आहेत. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत मोडतात. म्हणजे रेघ एका बाजूला सरकली की मुलाच्या प्रमाणपत्रावरचा शब्द बदलतो आणि त्याबरोबर कॉलेजातली जागा बदलते. शेजारच्या घराला मराठी राज्य हवे असेल, याला कदाचित नको असेल. दोघेही खरे बोलत आहेत. गावाचा ठराव ‘सर्वानुमते’ झाला असे कोणी लिहिले, तर त्यात याचे मत पुसले गेले काय, हे आधी पाहिले पाहिजे.

म्हणून माझ्या म्हणण्याचा दुसरा भाग असा : वरच्याकडे उत्तर मागण्याचा हक्क खालच्या सभेला मिळतो तो तिने आपल्यातल्या सर्वांत लहान आवाजाला उत्तर दिले असेल तरच. जी जिल्हा परिषद कोलाम गुड्याचा अर्ज दप्तरी दाखल करते, तिने हैदराबादच्या नावाने बोटे मोडू नयेत. आणि जे हैदराबाद जिल्ह्याचा ठराव न वाचता ठेवते, त्याने दिल्लीविषयी कुरकुरू नये. २०२३ च्या फेब्रुवारीत तेलंगण विधानसभेने वाल्मीकी बोया वगैरेंसह आपल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या माळी समाजालाही अनुसूचित जमातींत घ्यावे, असा ठराव करून केंद्राकडे धाडला. त्या ठरावाच्या बाजूने बोलणारे आहेत, त्याला विरोध करणारे आदिवासीही आहेत. गुणदोषांचा निवाडा मी येथे करत नाही. पण राज्य सरकारही वर ठराव पाठवते आणि शेऱ्याची वाट पाहते, हे लक्षात घ्यावे. जो स्वतः उंबऱ्यावर ताटकळला आहे त्याला आपल्या उंबऱ्यावरच्या माणसाची कळ समजायला हवी.

ठरावाला उत्तर न देणे हे एक. ठराव करणाऱ्यालाच शिक्षा करणे हे त्याहून वाईट. २००५ साली बेळगाव महानगरपालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला. कर्नाटक सरकारला तो अमान्य करण्याचा पूर्ण अधिकार होता. त्याने महानगरपालिकाच बरखास्त केली. हे आपण मराठी म्हणून आठवतो. पण उद्या महाराष्ट्रातल्या एखाद्या नगरपालिकेने उलटा ठराव केला तर? २०२२ साली धर्माबादकडच्या काही गावांतून तेलंगणात जाण्याची भाषा निघाली, तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी ‘त्यांचे म्हणणे काय आहे ते तरी ऐका’ असे म्हटले? रस्ते, पाणी, शेतकऱ्याला मिळणारी मदत, हे त्यांचे म्हणणे होते. तत्त्व आपल्या बाजूचे असते तेव्हा पाळणे सोपे असते. त्याची परीक्षा होते ती दुसऱ्याच्या ठरावावर.

घटनेत या आवाजासाठी एक खुर्ची खरोखर ठेवलेली आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. विधान परिषद असलेल्या राज्यात तिच्या सुमारे एक-तृतीयांश जागा स्थानिक संस्थांनी निवडून द्यायच्या असतात. तेलंगणात चाळिसांपैकी चौदा, महाराष्ट्रात अठ्ठ्याहत्तरांपैकी बावीस. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या स्थानिक संस्थांची एक जागा आहे. आंध्रात ही परिषदच १९८५ पासून २००७ पर्यंत बावीस वर्षे नव्हती, ते सोडून देऊ. परिषद असते तेव्हाही त्या खुर्चीवर बसणारा पक्षाच्या तिकिटावर येतो; जिल्हा परिषदेचा ठराव सभागृहात वाचून दाखवण्याचे त्याच्यावर बंधन नाही. आणि त्या निवडणुकीत मंडल व जिल्हा परिषदेचे सभासद व नगरसेवक मत देतात. गावच्या सरपंचाला मत नाही. फ्रान्समध्ये सिनेटचे सभासद बहुतांशी नगर व गाव परिषदांचे प्रतिनिधीच निवडतात, आणि सिनेट हे स्थानिक संस्थांचे प्रतिनिधित्व करते असे तिथल्या घटनेत स्पष्ट लिहिले आहे. आपण खुर्ची ठेवली, पण बसणाऱ्याने कोणासाठी बोलायचे ते लिहायचे राहिले. त्यात २०२४ साली आपल्याकडे पंचायती, मंडले व जिल्हा परिषदा यांची मुदत संपली आणि ग्रामपंचायतींच्या निवडणुका व्हायला २०२५ चा डिसेंबर उजाडला. मधल्या काळात विशेष अधिकाऱ्यांचे राज्य होते. ज्या सभाच नाहीत, त्यांनी ठराव तरी कोठून करावेत?

तर मग आपण करायचे काय? घटना बदलेल तेव्हा बदलेल. हातात आहे तेवढे तरी करू. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात, महत्त्वाची धोरणे ठरवताना त्यांविषयीची वस्तुस्थिती प्रसिद्ध करणे आणि निर्णयाची कारणे बाधित माणसाला सांगणे, ही कार्यालयांचीच कर्तव्ये म्हणून लिहिली आहेत. केंद्राने २०१४ साली विधेयकांचे मसुदे तीस दिवस लोकांपुढे ठेवण्याचे धोरण स्वीकारले. राज्यानेही तसेच करावे, एवढी मागणी कोणत्याही ग्रामसभेला करता येते. आणि ठराव लिहिण्याची आपली रीत बदलता येते. ‘सरकारने योग्य ती कार्यवाही करावी’ असे मोघम लिहू नये. कोणत्या कायद्याचे कोणते कलम, त्याने कोणाचे काय होते, कोणता शब्द बदलावा, हे लिहावे. कोणी विरोध केला आणि का, तेही त्याच कागदावर नोंदवावे. विरोधाची नोंद असलेला ठराव अधिक विश्वासाचा असतो. ‘सर्वानुमते’ या शब्दाने वरच्यालाही आता काही वाटेनासे झाले आहे.

आणि शेवटी एक ओळ प्रत्येक ठरावाखाली असावी : यावर काय निर्णय झाला आणि कोणत्या कारणासाठी, ते कळवावे, ते पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवले जाईल. उत्तर आले तर वाचावे. आले नाही तर ‘उत्तर आलेले नाही’ हे इतिवृत्तात लिहावे, आणि त्याच्या पुढच्या सभेत पुन्हा लिहावे. या लिहिण्याने सरकारे हलतील असे मी म्हणत नाही. पण ज्या माणसाला विचारले गेले नाही त्याची नोंद तरी राहील. आणि आपण वर जे मागतो ते खाली आपल्याच वाडी-गुड्यावरच्या माणसाला देतो की नाही, हे पाहण्याची सवय आपल्याला लागेल. लोकशाही पहिल्याने मुरते ती या सवयीत. विधेयकांचे पाहता येईल.